फुईची घागर

सत्तरी ओलांडल्यावरही फुई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसत नसे, उभी राहत असे. लुगड्याचा ओचा खोचायचा, दोन्ही दोर मुठीत धरायचे आणि निंबाच्या पानांना डोकं लागेपर्यंत झोका चढवायचा.

फुई म्हणजे माझी आत्या. पण आमच्या कोरीट गावात तिला सगळेच फुई म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परतली. त्या आखाजीला बायकांनी तिला झोक्यापाशी अडवलं. विधवेने झोका घ्यायचा नसतो म्हणे. "नवरा मरना, मी मरी नही गयू," एवढं बोलून ती चढली. पुढे तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

पोटासाठी ती नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडायला जाई. संध्याकाळी हातांची आग आग होई. कुणी कीव केली की मात्र तिला मिरचीपेक्षा जास्त झोंबे.

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात. तोवर घरात कुणी आंबा खात नाही. फुई आठ दिवस आधीच ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा, चोखून खायची. तिचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, हटकायचे. ती म्हणायची, "पितरसले घाई नही, माले शे."

मी नवऱ्याचं घर सोडून आले, त्या आखाजीला खोलीत तोंड लपवून बसले होते. फुईने दंडाला धरून उठवलं. "माहेरनी लेक शे ना तू? मंग ऊठ." मला झोक्यावर उभं केलं आणि समोर स्वतः चढली. जमलेल्या बायकांकडे ती अशी रोखून बघत होती की माझ्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. ते उपकार मी जन्मात विसरणार नाही.

शेवटच्या आजारात तिने मला बजावलं, "मन्ही घागर तूच भरजो. दुसरानं पानी माले नको."

पौषात ती गेली. यंदा आखाजीला काकांनी आपल्या मुलाला पाटावर बसवलं. "घागर पोऱ्या भरस," ते मला म्हणाले.

"मंग फुईले इचारी या," मी म्हटलं आणि घागर उचलली. चुलतभाऊ पाटावरून उठला.

घागर भरून मांडली. मग आंबा घेतला आणि सगळ्यांदेखत त्याला चावा घेतला.

"उष्टा ठेवस का?" काकू किंचाळल्या.

आंबा गोड होता. आंबट असता तर फुईने तो माझ्याच डोक्यात घातला असता. मी तो तसाच घागरीवर ठेवला.