काचेचा मांडव

बोरिवलीतल्या आमच्या संग्रहालयाची जुनी दगडी इमारत डागडुजीनंतर झकास दिसायला लागली होती. पण तिला खेटून मी काचेचं नवं दालन बांधलं आणि सगळे नावं ठेवायला लागले. म्हातारीला गॉगल घातलाय म्हणे! उद्घाटनाच्या दिवशी मी दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होतो.

तेवढ्यात गोराईच्या बोटीतून उतरून थेट आलेली एक मावशी दारात थबकली. अंबाड्यात अबोलीचा गजरा. तिनं लोखंडी खांबावर टिचकी मारली, काचेच्या छताकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून मलाच विचारलं, "मांडव मस्त घातलास रे! लगीन कोणाचं?"

"लग्न नाही, मावशी. हा कायमचा आहे."

"कधीच नाय काढणार?" तिचे डोळे चमकले. "म्हणजे या घरात रोज लगीन!"

तिनं अंगणातल्या आंब्याची डहाळी मोडली, गजरा सोडून त्याच्याच दोऱ्यानं खांबाला बांधली आणि माझा हात धरून चक्क गिरकी घेतली. पाहुण्यांनी टाळ्यांचा ठेका धरला.

आता दर रविवारी ती नटूनथटून येते आणि दारातूनच ओरडते, "नवरी कुठाय रे?"

मी दगडी म्हातारीकडे बोट दाखवतो. शपथ सांगतो, संध्याकाळच्या उन्हात ती लाजते.