निघोजे, कंपनी गेट

श्री. नामदेवराव येळवंडे यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आमच्या शहरातली आणि चाकण पट्ट्यातली मोकाट कुत्री पकडणाऱ्या पथकाचे ते प्रमुख. त्यांच्या गाडीतून आलेल्या कुत्र्यांवर नसबंदीची शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर मी. आठ वर्षं आम्ही एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दमलो आहोत. त्यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या या गौरव अंकात मी त्यांच्या कार्याविषयी लिहावं, असं संपादक मंडळाने कळवलं. लिहिते. पण अण्णांच्या नावावर एक गोष्ट चढलेली आहे, जी त्यांची नाही. ती उतरवल्याशिवाय मला त्यांचं कौतुक करायचा हक्क नाही.

पहिली ओळख शेडच्या दारातच झाली. मी नुकतीच लातूरहून आले होते, नोकरी कंत्राटी. पहिल्याच दिवशी एक मोठा काळा कुत्रा पिंजऱ्यातून निसटला आणि माझ्यासमोर दात काढून उभा राहिला. मी भिंतीला चिकटले. अण्णा शांतपणे आत आले आणि म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. त्याचं तुमच्याकडं ध्यानबी न्हाई. तुमच्या मागं माझा डबा हाय." त्या दिवशी अण्णांनी दुपारी फक्त चहा घेतला. डबा कुणी खाल्ला ते सांगायला नको.

अण्णांचं काम म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणं. रहाटणीच्या एका सोसायटीत त्यांच्याबरोबर गेले होते, तेव्हा अर्धी माणसं ओरडत होती, "ही कुत्री उचला आणि कुठंही लांब सोडा." उरलेली अर्धी म्हणत होती, "हात लावून दाखवा." अण्णांनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग नेहमीचंच सांगितलं: शस्त्रक्रिया होईल, लस टोचली जाईल, कानाला खूण होईल आणि जिथून उचललं तिथंच आणून सोडू, नियमच तसा आहे. दोन्ही बाजू त्यांच्यावरच चिडल्या. परतताना अण्णा म्हणाले, "दमलो बुवा." हे ते रोज म्हणतात. म्हणतात आणि पुढच्या तक्रारीचा पत्ता विचारतात. तुम्ही हे काम सोडत का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "मग कोन करनार?" एवढंच उत्तर मिळालं. त्यात कसला त्याग वगैरे नव्हता, वैताग होता.

आता ती गोष्ट. मला रुजू होऊन दोनच महिने झाले होते. अण्णांची दाढ काढली होती, म्हणून ते रजेवर होते. गाडीवर बदली माणूस होता. संध्याकाळी त्याने एक तांबडी कुत्री उतरवली. कुठून उचलली ते कार्डावर लिहायचं काम माझं. मी विचारलं, "कुठली?" तो म्हणाला, "निघोज्याची. कंपनीच्या गेटावरची." मी लिहिलं, 'निघोजे, कंपनी गेट'. ना पुढे काही विचारलं, ना कुत्रीला नीट तपासलं. दिवसभर उभी होते, पाय भरून आले होते. घरी गेले.

सकाळी पिंजऱ्यात कुत्रीच्या आचळांतून गळलेलं दूध दिसलं. कुत्री व्यालेली होती. पिल्लं मागेच राहिली होती, रात्रभर उपाशी. बदली माणसाचा फोन लागेना. आणि कार्डावर काय, तर कंपनी! आपल्या या भागात कंपनी कुणाची नसते? जो तो ज्या गेटातून आत जातो, ती त्याची कंपनी.

मी अण्णांना फोन केला. सुजलेला गाल आणि तोंडात कापूस घेऊन ते आले. कुत्रीला दोर बांधून गाडीत घातलं आणि आम्ही निघोज्याच्या बाजूला गेलो. प्रत्येक गेटावर अण्णा विचारत, "काल कंपनीवरून कुत्री उचलली का?" प्रत्येक वॉचमन म्हणे, "हो, कंपनीवरून उचलतातच की." शेवटी अण्णांनी माणसांना विचारणंच सोडलं. प्रत्येक गेटापाशी ते कुत्रीला खाली उतरवत आणि दोर सैल सोडून उभे राहत. कुत्री जागची हलत नसे. परत गाडीत. ऊन चढत गेलं.

सातव्या गेटावर तिने असा हिसका दिला की अण्णा पडता पडता वाचले. कॅन्टीनच्या भिंतीमागे लाकडी फळ्यांचा ढीग होता. त्याच्या खाली चार पिल्लं. दोन हलत होती, दोन नव्हती. कुत्रीने चारही चाटायला घेतली. कुणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपलं.

दुसऱ्या दिवशी एका प्राणिमित्र संस्थेच्या ताई तो व्हिडिओ घेऊन आमच्या खात्याच्या साहेबांकडे आल्या. साहेबांनी विचारलं, "जबाबदार कोण?" मी तिथंच उभी होते. अण्णा म्हणाले, "पथक माझं. बदली मानूस मीच धाडला, त्याला शिकवायचं ऱ्हाऊन गेलं. चूक माझी." बाहेर आल्यावर मी काही बोलणार, तोच म्हणाले, "गप ऱ्हावा मॅडम. तुमी कंत्राटी. तुमाला घालवतील. मला नुसता कागुद देतील." आणि मी गप्प राहिले. त्या दिवशी, त्या वर्षी, आजपर्यंत.

ठपक्याचा कागद मिळाला आणि त्यांच्या सेवापुस्तकात लागला. तेवढ्यावर भागलं नाही. ताई आणि त्यांच्या मंडळींनी अण्णांना 'पिल्लंवाले' असं नाव पाडलं. मारुंजीपासून चाकणपर्यंत, गाडी दिसली की लोक ते नाव घेऊन व्हिडिओ काढायला धावत. अण्णा त्यांच्याच आजारी कुत्र्यांना सुट्टीच्या दिवशी औषध पाजायला जात राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त कार्डावर काय लिहायचं ते शिकवलं: "गेटासमोर काय हाय ते लिवा. टपरी, झाड, टाकी, काय दिसंल ते."

या अंकासाठी वर्गणी देणाऱ्यांत त्या ताईही आहेत. माणूस वाईट नाही, असं आता त्यांना वाटतं; जुनी चूक त्यांनी माफ केली आहे म्हणे. ताई, माफ करायला तुम्ही चुकीच्या माणसाकडे गेलात. कार्डावरचं अक्षर माझं होतं. कुत्री मी तपासली नव्हती. अण्णा त्या दिवशी दाढ धरून घरी बसले होते.

अण्णा, हे वाचून तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. आठ वर्षं उशीर झाला, त्यासाठीही चिडा. तुम्हाला खूप आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, दुपारी निवांत झोप लागो. आणि इथून पुढे रस्त्यात कुणी 'पिल्लंवाले' अशी हाक मारली, तर तुम्ही मागं वळून बघू नका. ओ मी देईन.