हळदीकुंकू लावलेला संगणक

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दाराशीच एक संगणक आहे. कोणत्या विषयावर कुठलं पुस्तक, कुठला लेख आहे, हे मुलांना स्वतः शोधता यावं म्हणून तो घेतलेला. दसऱ्याला लावलेलं हळदीकुंकू अजून त्याच्या कडेला आहे. झेंडूचा हार वाळून काळा पडलाय. वर प्लास्टिकचं आवरण.

काल मी तिथे पुस्तक बदलायला गेलो असताना माझ्या वर्गातली एक मुलगी काउंटरवर आली. "सर, गावातल्या जुन्या विहिरींवर प्रकल्प करायचाय. काही मिळेल?"

"पुस्तकाचं नाव सांग," ग्रंथपाल म्हणाले.

"नाव नाही माहीत."

"मग मी काय देणार?"

अहो, नाव माहीत असतं तर ती शोधायला कशाला आली असती? तिने भीत भीत संगणकाकडे बोट दाखवलं.

"त्याला हात लावू नकोस. बिघडेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुतारही दसऱ्याला करवत पुजतो, पण दुसऱ्या दिवशी तीच करवत लाकडावर चालवतो. आम्ही शिकलेली माणसं मात्र एकदा पुजलं की वर्षभर झाकून ठेवतो, आणि मुलं वाचत नाहीत म्हणून स्टाफरूममध्ये गळे काढतो.

मुलगी निघाली. वळताना तिचा पाय संगणकाच्या टेबलाला लागला. तिने चटकन टेबलाला हात लावून तो कपाळाला लावला.

ग्रंथालयात आवाज चढवू नये, हे मीच वर्गात सांगतो. तरी ओरडलो, "अगं, पाया कसली पडतेस त्याच्या? चालू कर तो!"