पुंजाजीकाकांची पराटी

मंगळवारी दुपारी पुंजाजीकाका न कळवता आमच्या सिक प्लॉटवर आले. सोनाळ्याहून शेगाव, तिथे गाडी बदलून फाटा, आणि फाट्यापासून पायी.

सिक प्लॉट म्हणजे मुद्दाम आजारी ठेवलेली जमीन. कपाशीच्या मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. या तुकड्यात आम्ही ती टिकवतो... मेलेली झाडं तिथेच बारीक करून पुन्हा मातीत मिसळतो. मग त्यात देशी कपाशीचे वेगवेगळे वाण पेरायचे. जे मरतात त्यांची नोंद करायची. जे जगतात ते पुढच्या संकरासाठी घ्यायचे. माझं काम हेच आहे.

काकांची ओळख मागच्या उन्हाळ्यातली. मी त्यांच्या गावात मर रोगावर बोलायला गेले होते. सगळे गेल्यावर त्यांनी पावडरचा एक जुना डबा पुढे केला. आत राखेत ठेवलेली सरकी होती.

त्यांची बायको बांधावर गावरान कपाशीची आठ-दहा झाडं, त्यांच्या भाषेत पराट्या, लावायची, घरच्या वातींसाठी. दरवर्षी त्यातलंच बी पुढच्या पेरणीसाठी धरायची. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर काकांनी दोनदा पेरलं, दोन्ही वेळा बोंडं धरायच्या आधी झाडं उभ्या उभ्या सुकली. उरलं ते डब्यात.

"तिच्या हातचं बी हाये मॅडम. वाचते का पाहा."

एकशे अकरा बिया होत्या. मी मोजल्या. तीन वेळा तीस-तीस, म्हणजे नव्वद पेरल्या. दहा उगवण तपासायला गेल्या. अकरा राखून ठेवल्या होत्या, पण काही बिया न उगवल्याने ओळीत खाडे पडले आणि त्याही मी तिथेच लावल्या. चाचणी बरोबर व्हावी म्हणून...

चाचणी बरोबर झाली. पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागेपर्यंत सगळी झाडं मेली. खोड उभं चिरलं की आत तपकिरी रेघ, प्रत्येकात. शंका घ्यायला जागा नव्हती.

काका दर पंधरा दिवसांनी फोन करायचे. "कसं हाये आमचं?" मी म्हणायचे, निरीक्षण चालू आहे. ते खोटं नव्हतं. बाकीच्या ओळींचं चालूच होतं.

तर मंगळवारी ते आले. प्लॉटवर मजुरीला असलेल्या द्वारकाबाईंनी त्यांना बांधाजवळच अडवलं. "चपला इथंच काढा भाऊ. आणि हिरवं पाहून खुश नोका होऊ, आमच्या मॅडमले पराट्या मारासाठी पगार भेटते."

एरवी मी या वाक्याला हसते.

काकांनी विचारलं, "आमची कोनती?" शेजारची ओळ हिरवी होती, बोंडं फुटलेली. तिच्याकडे बोट दाखवायला एक क्षण पुरला असता... मी काड्यांच्या ओळीकडे दाखवलं. सगळी मेली, म्हटलं. ऑगस्टमध्येच.

ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. परत आले. "थोडंसं बी उरलं असंन?"

"नाही काका. सगळं पेरलं."

"मंग एक काडी नेऊ का घरी?"

मी नाही म्हटलं. काडीबरोबर बुरशी जाते. हे मी ज्या आवाजात प्रत्येकाला सांगते त्याच आवाजात सांगितलं. त्यांनी मान हलवली. "राहू द्या मंग. तिची इथंच राहू द्या."

मग ते त्या हिरव्या ओळीजवळ थांबले. एक बोंड तळहातावर घेतलं, न तोडता. "हे कोन्या बाईचं हाये?"

मला प्रश्न कळायला वेळ लागला. त्यांच्या हिशेबी बी असलं की ते धरणारी कोणीतरी बाई असणारच. मला त्या ओळीचा नंबर माहीत होता, धाग्याची लांबी माहीत होती. बाई माहीत नव्हती.

जाताना त्यांनी पाय धुतले, चपला घातल्या. मी टेबलाच्या खणातून त्यांचा डबा आणून दिला. त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. मी आधीच सांगितलं होतं, तरी पाहिलं.

बुधवारी मी बियाण्याचं रजिस्टर काढलं. हिरव्या ओळीपुढे गावाचं नाव आहे, गोळा करणाऱ्याची सही आहे. देणाऱ्याच्या रकान्यात 'स्थानिक'. पानं उलटत गेले... बहुतेक ठिकाणी 'स्थानिक'. काकांच्या बियाण्यापुढेही तेच, माझ्याच अक्षरात.

काकांनी मला 'वाचते का' विचारलं होतं. मी 'प्रतिकार आहे का' याचं उत्तर काढत बसले. वाचवायचं असतं तर आधी निरोगी मातीत कुंडीत वाढवायचं, बी वाढवायचं, जगणाऱ्या वाणाशी संकर करायचा, आणि मग इथे आणायचं. हे मला येतं. त्याचीच पदवी आहे माझ्याकडे.

मी फोन लावला. काकूंचं नाव विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"सुभद्रा," ते म्हणाले. मग, "लिहून राह्यल्या काय?"

हो म्हटलं. त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

'स्थानिक' खोडून लिहिलं... सुभद्राबाई, सोनाळा. शेजारचा रकाना शिल्लक बियाण्याचा आहे. तिथे शून्य लिहिलं.

काल एका गावाहून नवीन बी आलं. पेरणीच्या यादीत घालण्याआधी निम्मं बाजूला काढून डब्यात बंद करून ठेवलं, आणि आणणाऱ्याला विचारलं, हे घरात कोण धरायचं? हे मला काकांनी शिकवलं. त्यांना फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.