शपथेच्या चित्रातला बाप

बकुळा लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आली तेव्हापासून ते चित्र तिच्या डोक्याला ताप होतं. महायुद्धाच्या काळातल्या कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकाचं पान. अर्ध्या चड्डीतले दहाबारा नवे शिपाई दोन रांगांत उभे, उजवा हात वर करून शपथ घेताहेत. यातला एक माझा बाप, असं तिचे सासरे बाबुराव सांगत. बाप आपणहून पलटणीत भरती झाला तो परतलाच नाही. बाबुराव तेव्हा जेमतेम चालू लागले होते. घरात बापाचा फोटो नव्हता. हे पान कुणीतरी त्यांच्या आईला आणून दिलेलं.

रोज आंघोळ झाली की म्हातारा काचेवरून बापाच्या कपाळाला गंध लावी. पण बाप एका जागी राहीना. गणपतीत डावीकडून तिसरा, तर दिवाळीला मागचा मिशीवाला. चित्रकारानेही सगळ्यांना एकच नाक दिलेलं. त्यात माहीमहून धाकटा भाऊ लवू येई आणि बाप हा कडेचा म्हणून हटून बसे. लवू तर बाप गेल्यावर जन्मलेला. दोघं आठवडाभर तोंड फुगवून बसत, आणि वाळलेलं गंध नखाने खरवडायला बकुळा.

चाळ पाडायला निघाली, टॉवरमध्ये घर मिळालं. नव्या हॉलमध्ये हे चित्र नको, असं बकुळाने मुलाला, मयूरला, आधीच बजावलं होतं. तरी सामान लागायच्या आत बाबुराव भिंत चाचपू लागले. लवूही हजर होता. दोघांचं पुन्हा जुंपलं. बकुळाने हातातला कुकर ओट्यावर आदळला.

"मामंजी, एक कोणीतरी बाप धरा ना कायमचा. नाहीतर सोडा तरी."

बाबुराव पलंगावर टेकले. "माका बापाशीचा तोंड आठवणा नाय गो. एकाकच धरलंय आणि तो नसलो तर?"

इतकी वर्षं बकुळा याला म्हाताऱ्याचा चक्रमपणा समजत आली होती. तिला भरून आलं, आणि हे आधी बोलायला काय झालं होतं म्हणून संतापही आला. तिने मयूरला ड्रिल आणायला पिटाळलं आणि टीव्हीसाठी राखलेल्या भिंतीवर चित्र लावून घेतलं. गंध सगळ्यांना लागेल, पण काच तुम्ही दोघांनी पुसायची, असं तिने बजावलं.

बाबुरावांनी ऐकलं. लवू मात्र रविवारी येतो, कडेच्या शिपायाला जरा ठसठशीत टिळा लावतो, आणि वर बिनसाखरेचा चहा मागतो. बकुळा चरफडत आधण ठेवते.