मिठाचा दगड

देऊळगावच्या रस्त्यावर, आपला जिल्हा संपतो तिथं, एका दगडाभोवती लोखंडी कठडा केलाय आणि शेजारी नवी पाटी लावलीय: 'निजामकालीन सीमेवरचा व्यापारी नाका'. दगडातला खळगा धान्याच्या मापांनी पडला, असंही तिच्यावर लिहिलंय. परवा गाडी थांबवून मी ते वाचत होते, तेवढ्यात मेंढ्यांचा कळप शेजारून गेला. लोकरीचा तो उग्र, उबदार वास आला आणि मी नोकरीच्या पहिल्या वर्षात जाऊन पोचले.

त्या दुपारी आमची बस इथंच बंद पडली होती. उन्हानं जीव नकोसा झालेला, म्हणून मी लिंबाखालच्या याच दगडावर बसले.

"ऊठ माय," मेंढ्या घेऊन आलेली एक म्हातारी म्हणाली. "लेकरांचं ताट हाय ते."

मी गडबडून उठले. तिनं ओच्यातलं मूठभर मीठ खळग्यात टाकलं, तशा मेंढ्या त्यावर तुटून पडल्या.

"नाका व्हता तव्हा व्यापारी मिठाच्या गोण्या हितंच उतरवायचे," ती म्हणाली. "सांडलेलं ह्या चाटायच्या. नाका उठला, पन ह्या न्हाई इसरल्या. मंग आमीच टाकून राह्यलो."

दगडाला ताट म्हणते, म्हणून मला तेव्हा हसू आलं होतं.

परवा कळपातली एक मेंढी मागंच राहिली. कठड्यात तोंड खुपसून जीभ लांबवत होती. मी समोरच्या टपरीवरून मिठाची पुडी आणली. दगडापर्यंत माझाही हात पोचेना. शेवटी तळहाताचाच खळगा केला आणि तिच्यापुढं धरला.