दोन जावा आणि जपानी पोरींची सीडी

बायकोच्या बहिणीचा मुलगा जपानला कारखान्यात नोकरी करतो. तो सुट्टीवर आला तेव्हा मी घड्याळाच्या आशेने मनगट मोकळं ठेवून बसलो होतो. त्याने हातात गुलाबी पाकीट ठेवलं. पाकिटावर झालरीच्या फ्रॉकमधल्या दोन पोरी गालाला गाल लावून हसत होत्या आणि आत दोन सीड्या होत्या.

"तिकडं लई फेमस हायेत ह्या, काका. जोडीला दहा वर्षं झाली म्हणून निवडक गाणी काढलीत."

"दहा वर्षं?" बायको म्हणाली. "आन् अजून बोलत्यात एकमेकींशी?"

माझी आणि थोरल्या भावाची वाटणी झाल्यापासून बायको आणि वहिनी, म्हणजे दोघी जावा, एकमेकींशी बोलत नव्हत्या. आम्ही भाऊ बांधावर बसून एकत्र तंबाखू मळत होतो. अबोला तेवढा बायकांनी पाळायचा, असं आमच्यात न ठरवताच ठरलं होतं.

सीडी वाजवायचं यंत्र घरात नव्हतं, पण माझ्या जुन्या गाडीत होतं. दर आठवड्याला पारनेरच्या बाजाराला निघालो की बायको पुढे बसायची आणि वहिनी मागे. वहिनींना दुसरी सोय नव्हती, म्हणून त्या यायच्या. दोघींमधली शांतता मला सोसवेना, म्हणून मी पहिली सीडी लावली. काही आठवडे असेच गेले. मग एकदा घाटात वहिनी मागून गुणगुणू लागल्या. पुढच्या वळणावर बायकोने दुसऱ्या पोरीचा आवाज धरला. अर्थ कोणाला कळत होता? पण शब्द दोघींना पाठ. मी गाडी हळू केली, तर दोघी एकदम ओरडल्या, "चालवा की!"

महिला दिनाला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम असतो. गाडीतल्या गाण्याची बातमी तोवर गावभर झाली होती. गिरणीवर एका काकूंनी ऐकवलं, "ह्या दोघी नाचनार म्हनं! स्टेजवरच झिंज्या धरत्यात का न्हाई बघा." वहिनींनी दळणाचा डबा खाली ठेवला. बायकोकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस? आता तर नाचायचंच."

"नाचायचंच, जाऊबाई," बायको म्हणाली. वाटणीनंतर जावेशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य.

रोज संध्याकाळी खळ्यात सराव सुरू झाला. वहिनींचा गुडघा धरायचा, बायको उजवं-डावं विसरायची, पण एक दिवस चुकवला नाही. पहिली पोरगी गाते तेव्हा वहिनींनी पुढे यायचं, दुसरी गाते तेव्हा बायकोने. सगळा नाच त्या दोन आवाजांवर बांधलेला. मला एकच काम दिलं होतं. मंडपवाल्याच्या मशीनला पेनड्राइव्ह लागतो, त्यात गाणं भरून आणायचं.

मी ते काम डोकं वापरून केलं. माझं नुकसान नेहमी तिथूनच सुरू होतं. पहिली सीडी गाडीतल्या धुळीने अडखळायला लागली होती. दुसरी मात्र पाकिटातून काढलेलीही नव्हती. मागे छापलेली अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण गाण्यांचे क्रमांक तेच, वेळाही त्याच. म्हटलं, एक वापरायची, एक जपून ठेवायची, अशी पद्धत असेल. पारनेरच्या कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, "लावून बघू का?" सुरुवातीचं वाजप ऐकलं. एकदम चोख. "बास," मी म्हणालो.

कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. गिरणीच्या काकू पहिल्या रांगेत. दोघी एकसारख्या गुलाबी साड्यांत उभ्या राहिल्या आणि वाजप सुरू झालं. आवाज यायची जागा आली, पण आवाज काही आला नाही. ढोल वाजत होते, पिपाण्या वाजत होत्या, पोरी मात्र गायब. दुसऱ्या सीडीवर नुसतं संगीत होतं. ज्याला हौस असेल त्याने आपल्या तोंडाने गावं, अशी सोय.

वहिनी थबकल्या. बायको त्यांच्यावर आदळली. समोरून कोणीतरी म्हणालं, "झालं सुरू!"

मी माईक घेऊन स्टेजवर धावलो, माफी मागून कार्यक्रम थांबवायला. तोंड उघडणार तोच बायको दातओठ खात म्हणाली, "थांबवलंत तर बघा!" आणि वहिनी गायला लागल्या. गुडघ्यावर हात, पण आवाज मोठा. पुढची ओळ बायकोने उचलली.

माईक एकच, तोही वायरीचा. मग मी कधी वहिनींच्या तोंडापुढे, कधी बायकोच्या, असा पळत राहिलो. एकदा वायर माझ्याच पायाला गुंडाळली आणि मी गुडघ्यावर आलो. पोरांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

गाणं संपलं. टाळ्या चालू असतानाच आम्ही पडद्यामागे आलो आणि दोघींची जुंपली.

"तू आधी वळलीस गं!"

"मी? जाऊबाई, तुमीच एक ओळ खाल्ली!"

"खाल्ली म्हनं! गुडघा तुझा हाय का माझा?"

"मग उद्यापासून सकाळी बी सराव. गुडघ्याला तेल मी लावते, पन ओळ खायची न्हाई."

"लाव. आन् तू उजवा हात कुठला ते शिक आधी."

"आन् ह्यांना कोनी शिकवायचं?"

"भावजींचं सोड गं. त्यांना गाडी तेवढी चालवू दे."

बाहेर मैदान खो खो हसत होतं. गिरणीच्या काकूही पदर तोंडाला लावून हसत होत्या. माईक अजून माझ्याच हातात होता आणि चालू होता. दोघींना ते माहीत नव्हतं. मला होतं. अंगठा बटणावर होता, पण दाबला नाही. हे भांडण गावाने शेवटपर्यंत ऐकावं, असं मला मनापासून वाटत होतं.